क्लबच्या स्पर्धेसाठी माउंट बोर्ड घरी कसा कापावा : गावाकडील नवोदित छायाचित्रकारांसाठी

छायाचित्र क्लबच्या स्पर्धेत प्रिंट विभागासाठी प्रथमच प्रवेशिका पाठवणाऱ्याला छायाचित्र निवडणे जमते आणि लॅबमधून चांगली प्रिंट करून आणणेही जमते; अडते ते माउंटपाशी, म्हणजे आत खिडकी कापून प्रिंटभोवती बसवायच्या जाड बोर्डाच्या चौकटीपाशी. नागपूर किंवा अमरावतीत राहणारा स्पर्धक फ्रेमवाल्याकडे जाऊन तासाभरात माउंट कापून घेऊ शकतो, परंतु सिंदेवाही, आर्णी किंवा अर्जुनी मोरगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला त्यासाठी दिवस मोडावा लागतो, आणि तेवढे करूनही माप चुकलेले निघाले तर पुन्हा दुसरी खेप करावी लागते. हे काम घरच्या टेबलावर, मोजक्या साहित्यात आणि फ्रेमवाल्याच्या तोडीचे होऊ शकते. हात बसायला थोडा सराव लागतो हे खरे, पण बहुतेक बोर्ड वाया जातात ते हात कच्चा असल्यामुळे नव्हे, तर पाते टेकवण्याआधीची मोजणी चुकल्यामुळे. म्हणून या लेखात कापण्याइतकीच जागा मोजणीला दिली आहे.

१. प्रथम नियमपत्रक वाचा

माउंटचे बाहेरचे माप तुम्ही ठरवायचे नसते, ते स्पर्धेच्या नियमपत्रकात दिलेले असते. तेथे पुढील गोष्टी शोधून कागदावर उतरवून घ्या : माउंटचे बाहेरचे माप, प्रिंटचे कमाल माप, माउंट आणि मागचा बोर्ड मिळून चालणारी जाडी, रंगाविषयीची अट आणि मागच्या चिठ्ठीवर लिहायचा मजकूर. काही स्पर्धांना, विशेषतः टपालाने प्रवेशिका मागवणाऱ्या अनेक सलोनना (छायाचित्रांच्या प्रदर्शन-स्पर्धांना), माउंट न केलेली प्रिंटच हवी असते. तेथे कष्टाने कापलेला माउंट उलट प्रवेशिका बाद होण्याचे कारण ठरू शकतो.

नियमात रंगाची मोकळीक असली तरी नवोदितांनी पांढरा, मोतिया किंवा काळा याखेरीज दुसरा बोर्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोळ्यातल्या बैलांच्या झुलीतला लाल रंग उचलून तसाच लाल माउंट लावण्याचा मोह होतो, पण मग परीक्षकाची नजर झुलीवर न थांबता माउंटवर थांबते. एवढे मात्र पाहावे की, फुटलेल्या कापसाचे शेत किंवा धुक्यातल्या धानाच्या बांधीत उभे असलेले सारस यांसारख्या फिक्या छायाचित्राची कड शुभ्र माउंटमध्ये विरघळून जाते. अशा वेळी प्रिंट करण्यापूर्वीच छायाचित्राभोवती केसाएवढी करडी रेघ घालून घ्यावी किंवा मोतिया बोर्ड वापरावा. झाडीपट्टी नाटकाच्या रंगमंचासारख्या काळोख्या छायाचित्राला काळा माउंट शोभतो, पण काळ्या बोर्डावर बोटांचे ठसे आणि धूळ फार लवकर दिसते.

२. साहित्य जमवा

– माउंट बोर्ड. आपल्याकडे दुकानात मिळणारा पूर्ण बोर्ड बहुधा २२ × २८ इंचांचा असतो आणि चांगल्या बोर्डाची जाडी साधारण १.४ ते १.५ मिलिमीटर असते.
– मागे लावण्यासाठी त्याच मापाचा दुसरा बोर्ड. तो हलक्या प्रतीचा चालतो, पण वाकलेला नको.
– किमान २४ इंची पोलादी पट्टी. प्लॅस्टिकची पट्टी चालणार नाही, कारण पाते तिच्यात रुतते आणि पट्टीची कड कायमची बिघडते.
– सुताराचा गुण्या.
– रुंद पात्याचा मजबूत कटर आणि भरपूर नवी पाती.
– तिरका काप घेणारा, म्हणजे खिडकीची कड उतरती कापणारा, हातातला माउंट कटर. लोगन कंपनीचे असे कटर घरबसल्या मागवता येतात.
– कापण्याची मॅट, आणि ती नसल्यास बोर्डाचे रुंद तुकडे.
– टोकदार पेन्सिल, मऊ पांढरे खोडरबर, शिलाईची बारीक सुई, नखे घासायची कानस किंवा अगदी बारीक पॉलिश पेपर, स्टीलचा चमचा.
– आम्लरहित कागदी किंवा कापडी टेप.

तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात शाळेच्या प्रकल्पांसाठी जो बोर्ड मिळतो तो सरावाला उत्तम आहे, स्पर्धेला मात्र नाही. त्याचा गाभा लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातील लिग्निनमुळे तो काही काळाने पिवळा, पुढे तपकिरी पडतो. तिरक्या कापात नेमका हाच गाभा उघडा पडत असल्याने दोष लपत नाही. खरेदी करताना ‘आम्लरहित’ असा उल्लेख पाहावा. त्याहून वरच्या दर्जाचा बोर्ड कापसाच्या तंतूंपासून बनतो. कापसाच्या पट्ट्यात राहूनही तो आपल्याला कुरिअरने मागवावा लागतो, हा भाग वेगळा. क्लबच्या स्पर्धेसाठी मात्र साधा आम्लरहित बोर्ड पुरेसा आहे.

माउंट कटर महाग वाटला तर त्यावाचून अडत नाही. सरळ काप घेण्याची रीत पुढे सहाव्या टप्प्यात दिली आहे. स्वच्छ सरळ काप हा फाटक्या तिरक्या कापापेक्षा केव्हाही चांगला दिसतो.

३. जागा आणि हवा

जमिनीवर बसून, गुडघ्याने बोर्ड दाबून हे काम करू नका. पट्टीवर वरून सरळ दाब यायला हवा, आणि तो उभे राहूनच येतो; कमरेइतके उंच टेबल किंवा तसेच सपाट, न हलणारे लाकडी काहीही चालेल. उजेड डावीकडून येईल असे उभे राहा (डावखुऱ्यांनी उलट), म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. भारनियमनाचा भरवसा नसल्याने सकाळचा उजेड गाठणे श्रेयस्कर.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घराघरात कूलर चालू असतो. कूलरच्या वाऱ्यात बोर्ड ठेवू नका. कूलर हवेत ओल सोडतो आणि बोर्डाची एक बाजू ती ओल शोषून फुगली की बोर्ड धनुष्यासारखा वाकतो; वाकलेल्या बोर्डावर पात्याची खोली जागोजागी बदलते आणि काप कुठे आरपार जातो, तर कुठे अर्धवट राहतो. पंखाही बंद ठेवा, कारण तो धूळ उडवतो. घाम येणारच, म्हणून मनगटाखाली स्वच्छ कोरडे फडके घ्या आणि हात दर थोड्या वेळाने पुसत राहा.

४. मोजणी

लॅबवाले आणि बोर्डाचे दुकानदार इंचांत बोलतात. तुम्ही मात्र मिलिमीटरमध्ये मोजा. पावणेदहा वजा सव्वाआठ भागिले दोन असली आकडेमोड इंचांत करताना चूक हमखास होते.

पहिली गोष्ट, प्रिंट प्रत्यक्ष मोजा. पावतीवर १० × १५ इंच लिहिलेले असले तरी लॅबमध्ये कडा छाटताना दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. दुसरी गोष्ट, खिडकी प्रिंटपेक्षा लहान हवी, म्हणजे प्रिंटच्या चारही कडा बोर्डाखाली दडतात. प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर दडवणे पुरेसे आहे.

उदाहरण म्हणून समजा, नियमानुसार माउंट १६ × २० इंचांचा आहे, छायाचित्र आडवे आहे आणि प्रिंट मोजल्यावर नेमकी १० × १५ इंच भरली आहे.

माउंट : उंची ४०६, रुंदी ५०८ मिलिमीटर.
प्रिंट : उंची २५४, रुंदी ३८१ मिलिमीटर.
खिडकी : दोन्ही मापांतून ६ वजा केल्यावर उंची २४८, रुंदी ३७५ मिलिमीटर.
डावी-उजवी पट्टी (खिडकी आणि माउंटची कड यांमधला बोर्ड) : ५०८ वजा ३७५ म्हणजे १३३, त्याचे निम्मे ६६.५ मिलिमीटर.
वरची-खालची पट्टी : ४०६ वजा २४८ म्हणजे १५८. त्यातील वर ७४ आणि खाली ८४ मिलिमीटर.

खालची पट्टी थोडी रुंद ठेवण्याचे कारण असे की, वर-खाली अगदी सारखे अंतर ठेवले तर डोळ्याला छायाचित्र खाली घसरल्यासारखे दिसते. आठ-दहा मिलिमीटरचा फरक पुरतो. त्याहून जास्त केल्यास तो मुद्दाम केलेला दिसू लागतो.

आता पडताळा घ्या. वरची पट्टी, खिडकीची उंची आणि खालची पट्टी यांची बेरीज माउंटच्या उंचीइतकी आली पाहिजे. येथे ७४, २४८ आणि ८४ मिळून ४०६ होतात. रुंदीची बेरीजही याचप्रमाणे ५०८ आली पाहिजे. हा पडताळा कागदावर जुळल्याशिवाय पेन्सिल बोर्डाला लावू नये.

५. बाहेरचे माप कापा

२२ × २८ च्या बोर्डातून १६ × २० चा एकच माउंट निघतो आणि ६ × २८ व १६ × ८ इंचांचे दोन तुकडे उरतात. ते टाकू नका. पात्याची खोली तपासण्यासाठी आणि आधी कोपरा कापून पाहण्यासाठी ते लागणारच आहेत. सरावाकरिता ११ × १४ चे माप निवडले तर त्याच बोर्डातून बरोबर चार माउंट निघतात. कारखान्यातून आलेल्या कडा काटकोनात असतीलच असे नाही, म्हणून एक कड प्रमाण धरून बाकीच्या बाजू गुण्याने आखा.

कटर जोरात दाबून एका दमात कापण्याचा प्रयत्न हा नवख्यांचा सर्वांत मोठा घात आहे. पाते भरकटते, पट्टीवर चढते आणि बोट कापते. पहिला हात अगदी हलका, फक्त वरचा कागद चिरेल इतका, आणि मग त्याच खाचेतून चार-पाच वेळा कटर फिरवावा. पट्टी धरलेल्या हाताची बोटे कडेपासून मागे ठेवा, अंगठाही विसरू नका. कापून झाल्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तर चौकोन काटकोनात आहे. दोन मिलिमीटरहून अधिक फरक असेल तर आताच दुरुस्त करा, कारण तिरप्या बाहेरच्या कडेवरून मोजलेली खिडकीही तिरपीच येते.

६. खिडकी कापा

बोर्ड पालथा घाला आणि पाठीवर सर्वप्रथम वरच्या बाजूला बाण काढून ‘वर’ असे लिहा. बोर्ड उलटताना वरची बाजू खाली जाते आणि मग रुंद पट्टी डोक्यावर येते; या एका बाणाने ती अडचण टळते. त्यानंतर चारही कडांपासून पट्ट्यांची मापे घेऊन रेघा आखा. रेघा कोपऱ्यापाशी थांबवू नका, त्या एकमेकींना छेदून बोर्डाच्या कडेपर्यंत जाऊ द्या, कारण कटर कोठे टेकवायचा आणि कोठे थांबवायचा हे या लांबवलेल्या रेघांवरूनच कळते. खिडकीचेही कर्ण मोजा. वरच्या उदाहरणात दोन्ही सुमारे ४५० मिलिमीटर यायला हवेत.

तिरका काप. तिरका काप नेहमी पाठीकडून, ४५ अंशांत घेतला जातो. पात्याचे टोक खिडकीच्या बाहेरच्या दिशेने, म्हणजे माउंटच्या पट्टीकडे झुकलेले असले पाहिजे; तसे असेल तरच समोरून गाभ्याची पांढरी उतरती कड दिसते. बोर्डाच्या जाडीइतकी, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर रुंदीची ती कड असते. पाते उलट झुकले तर कड समोरून दिसतच नाही. कटर पोलादी पट्टीच्या कोणत्या बाजूने चालवायचा हे प्रत्येक बनावटीत वेगळे असते, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर एक पूर्ण कोपरा कापून पाहा, जमल्यावर कटरची बाजू आणि दिशा पेन्सिलीने त्याच तुकड्यावर लिहून ठेवा आणि तो तुकडा समोर ठेवूनच काम करा.

पात्याची खोली इतकीच ठेवा की बोर्ड आरपार कापून खालच्या तुकड्यावर बारीक चरा उमटेल. पाते जास्त बाहेर असेल तर ते लवते आणि कापलेली कड नागमोडी येते. स्पर्धेच्या माउंटसाठी खिडकीला हात घालण्यापूर्वी पाते नवे लावा. बोथट पाते बोर्ड कापत नाही, ओरबाडते, आणि कोपऱ्यापाशी वरचा कागद उचकटला की तो पुन्हा बसत नाही. पात्याच्या किमतीत काटकसर करून बोर्ड घालवण्यात शहाणपण नाही.

खाली न कापलेला, खिडकीहून मोठा तुकडा अंथरा. जुन्या खाचा असलेला तुकडा पात्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून दर कापाला तो थोडा सरकवा. कटरवरील खुणेची रेघ आडव्या पेन्सिलरेघेवर आणा, पाते पूर्ण खाली दाबा आणि न थांबता, एकसारख्या गतीने पुढच्या रेघेपर्यंत न्या. खूण रेघेला लागताच थांबा आणि पाते वर उचला. बोर्ड पाव वळण फिरवून पुढची बाजू घ्या. स्वतः टेबलाभोवती फिरू नका, कारण उभे राहण्याची ढब बदलली की दाब बदलतो.

चौथी बाजू झाल्यावर आतला तुकडा आपोआप खाली पडायला हवा. पडला नाही तर तो ओढू नका. ढकललात तर कोपऱ्यातला कागद फाटतो आणि सगळे कष्ट तेथेच संपतात. बोर्ड अलगद उचलून कोणता कोपरा अडकला आहे ते पाहा, मग दाढीचे सुटे पाते त्याच खाचेत त्याच उतारात सरकवून राहिलेले दोन धागे कापा. याउलट पाते रेघेच्या पुढे गेले असेल तर समोर कोपऱ्यातून एक बारीक चीर बाहेर आलेली दिसते. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची चीर चमच्याच्या पाठीने, मध्ये पातळ कागद ठेवून, हळू घासल्यास जवळपास मिटते. त्याहून मोठी असेल तर तो माउंट सरावात जमा करा आणि दुसरा घ्या, कारण परीक्षक माउंट हातात घेतो तेव्हा कोपरे त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाहीत.

सरळ काप. माउंट कटर नसेल तर पाठीवर आखलेल्या खिडकीच्या चारही कोपऱ्यांत सुई सरळ उभी धरून आरपार टोचा. बोर्ड सुलटा करा. आता समोर चार बारीक छिद्रे दिसतील. पट्टी दोन छिद्रांना जोडून ठेवा आणि साध्या कटरने कापा. अशा रीतीने दर्शनी बाजूवर पेन्सिलीची एकही रेघ येत नाही आणि कापाची स्वच्छ बाजू समोर राहते. प्रत्येक काप कोपऱ्यातून सुरू करून मध्यापर्यंत आणा, मग बोर्ड फिरवून दुसऱ्या कोपऱ्यातून मध्यापर्यंत या; त्यामुळे पाते कोपरा ओलांडून जात नाही.

कापाच्या कडेला राहिलेली बारीक लव पॉलिश पेपरने, पाठीकडून आणि एकाच दिशेने काढा. पेन्सिलीच्या रेघा खोडल्यावर रबराचा चुरा हाताने न झटकता मऊ ब्रशने काढा. आतून निघालेला मोठा तुकडा जपून ठेवा, लहान प्रिंटचा माउंट त्यातून निघतो.

वापरलेली पाती उकिरड्यावर किंवा कचऱ्यात टाकू नका. गावात कचऱ्यात गुरे तोंड घालतात. झाकणाच्या डब्यात ती साठवा आणि डबा भरल्यावर झाकण टेपने बंद करून भंगारवाल्याला सांगून द्या.

७. प्रिंट बसवा

मागचा बोर्ड सुलटा आणि खिडकीचा बोर्ड पालथा, असे दोन्ही टेबलावर वरच्या कडा एकमेकींना भिडवून ठेवा आणि त्या सांध्यावर लांब टेप लावा. आता खिडकीचा बोर्ड पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखा उघडतो आणि मिटतो. मध्ये प्रिंट ठेवून खिडकी मिटा, प्रिंट हलवून चारही कडा दडल्याची खात्री करा, मग खिडकी न हलू देता प्रिंटवर फडक्यात गुंडाळलेले वजन ठेवा आणि खिडकी उघडा.

प्रिंट केवळ वरच्या कडेने टांगायची असते. टेपचा लहान तुकडा चिकट बाजू वर करून प्रिंटच्या मागे असा लावा की त्याचा निम्मा भाग प्रिंटच्या वर डोकावेल. त्या डोकावणाऱ्या भागावर दुसरा तुकडा आडवा लावून तो मागच्या बोर्डाला चिकटवा. असे दोन सांधे, वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून थोडे आत, पुरे होतात. चारही बाजूंनी टेप लावलेली प्रिंट पहिल्या दिवशी जास्त पक्की वाटते, पण कागद हवेतल्या ओलीबरोबर फुगतो आणि आकसतो. मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली दमट हवा यांत आपल्याकडे जमीन-अस्मानाचा फरक असतो. कागदाला हलायला जागा नसेल तर तो मध्येच फुगवटा धरतो आणि प्रकाशात तो फुगवटा लांबून दिसतो.

सेलो टेप, फेव्हिकॉल आणि दुहेरी चिकटपट्टी या तिन्ही गोष्टी दूर ठेवा. सेलो टेपचा गोंद पुढे पिवळा पडून कागदात उतरतो, फेव्हिकॉलमधील पाण्याने प्रिंटला सुरकुत्या येतात, आणि दुहेरी पट्टीचा गोंद उन्हाळ्यात सैल होऊन प्रिंट खिडकीत तिरपी घसरते. हाताळताना प्रिंटला कडेनेच धरा किंवा सुती हातमोजे घाला.

८. मागची चिठ्ठी

नियमपत्रकात सांगितलेला मजकूर, म्हणजे बहुधा शीर्षक, विभाग, क्रमांक आणि विचारले असल्यास नाव व क्लब, कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती मागच्या बोर्डावर पूर्ण चिकटवा. वरची बाजू दाखवणारा बाण येथेही हवा. पाण्यातल्या प्रतिबिंबाचे किंवा आकाशाचे छायाचित्र उलटे मांडले जाण्याचा धोका खराच असतो. समोरच्या बाजूला नाव, सही किंवा क्लबचे चिन्ह घालू नका, कारण अनेक स्पर्धांत स्पर्धकाची ओळख परीक्षकापासून लपवलेली असते. मागे टेपची सुटी टोके किंवा टाचण्या राहू देऊ नका. परीक्षणाच्या वेळी माउंट एकावर एक रचले जातात आणि तुमच्या मागची टाचणी दुसऱ्याच्या प्रिंटवर चरा पाडते.

९. ठेवणे आणि नेणे

पाठवणीला अवकाश असेल तर माउंट आडवे, सपाट, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून पेटीत ठेवा. भिंतीला टेकवून उभे ठेवले तर पावसाळ्यात भिंतीची ओल शोषतात आणि वाकतात. मातीच्या भिंतीजवळ वाळवीचीही भीती असते. कसर कागदाचा पृष्ठभाग कुरतडते, म्हणून पेटी अधूनमधून उघडून पाहावी.

नेताना दोन माउंट समोरासमोर येतील असे ठेवून मध्ये बटर पेपर घाला. गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना माउंटहून बोटभर मोठे जाड पुठ्ठे किंवा प्लायवूडचे पातळ तुकडे लावा, म्हणजे धक्का बोर्डाच्या कोपऱ्यांऐवजी पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांना बसतो. बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळून सगळे सांधे टेपने बंद करा. एसटीने जात असाल तर गठ्ठा डिकीत देऊ नका आणि वरच्या फळीवरही ठेवू नका. तो स्वतःच्या पायाशी उभा धरून न्या. कुरिअरने पाठवत असाल तर स्पर्धेच्या अंतिम तारखेआधी किमान आठवडाभर टाका, पावसाळ्यात त्याहूनही आधी, कारण नाल्याला पूर आला की तालुक्याचा रस्ता दोन दिवस बंद राहू शकतो. प्रिंट परत हवी असेल तर परतीच्या पत्त्याची चिठ्ठी आणि टपालखर्च गठ्ठ्यात आतच ठेवा.